आत्याच्या नावाचा कागद

२ मार्च १९९२, सोमवार

दादाचं पत्र. लग्न ठरलं, १६ मे. मुलीचं नाव निर्मला, तिकडचीच. वडिलांच्या सफरचंदाच्या बागा आहेत. लग्न त्यांच्याच गावी, म्हणजे सिमल्याच्या पुढे आणखी एक दिवस बस आणि शेवटी चढ. दादा वेल्डर म्हणून ज्या बोगद्यावर लागला, तो तिथून जवळ.

माझ्यासाठी खाली वेगळं लिहिलंय: 'सुमन, तू घरातली पहिली ग्रॅज्युएट. पाहुण्यांची तयारी तुझ्याकडे. बारा माणसं आण, नीटनेटकी. मी इथे सांगितलंय की बाबांचा बोटींचा व्यवसाय होता.'

बोटींचा व्यवसाय! एक होडी. तीसुद्धा बाबा गेल्यापासून खाडीच्या चिखलात रुतलेली.

आईने पत्र तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा मी बोटींचं वाक्य गाळलं. तिला लागू नये म्हणून. तिला कळलंही नाही.

३ मार्च, मंगळ.

हिराआत्या सकाळीच आली. आई टोपली घेऊन बाजारात जायची तेव्हा दादा आत्याकडेच असायचा, तिच्याच हातचं जेवून मोठा झाला. बसायच्या आधीच सुरू:

"रम्याचं लगीन, नि ते पन ढगात! देवांना आतापासून सांगाया पायजे गो. चढाला येल लागंल त्यांना."

आई हसली. "आनि ह्यांना?"

"त्याला तर जास्त. गुडघं धरायचं त्याचं."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पण आमच्यात पहिला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणताना देवांबरोबर घरातल्या गेलेल्या माणसांनाही नावाने आवतण जातं. धवलारीण हाक मारते, मग ते मांडवात येतात. भटजी उशिरा आला तर कुणी रागावत नाही, पण धवल्याशिवाय लग्न लागलं असं कोळीवाड्यात अजून झालेलं नाही. आणि गेली तीस वर्षं धवलारीण म्हणजे आत्या. भावाला हाक मारायची म्हणून ती आजच खूश.

८ मार्च, रवि.

'पाहुण्यांसाठी सूचना' लिहिल्या. मी बायकांना शिकवते त्या अक्षरवर्गाच्या स्टेन्सिलवर पंधरा प्रती काढल्या, एक दादाला पाठवली. वाचनालयातून डोंगरातल्या प्रवासावरचं एक पुस्तक मिळालं, त्याचा उपयोग झाला. लोकरीचे कपडे, दोन-दोन मोजे, पाणी उकळून, हळू चालणे. त्यात दादाच्या पत्रातलंही घातलं: सुकी मासळी सामानात नको, दारू नको, मोठ्याने बोलू नये. सातवी सूचना मात्र माझी: दमा, छातीचा त्रास, रक्तदाब असल्यास उंचीवर धोका, म्हणून सर्वांनी डॉक्टरांचा दाखला घ्यावा. शास्त्रशुद्ध काहीतरी आपल्या घरात पहिल्यांदाच होतंय असं वाटलं.

संध्याकाळी ओट्यावर वाचून दाखवल्या. बारक्याकाका शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "सुकट नाय, बाटली नाय, मोठ्यानं बोलायचं नाय. लग्नाला चाललोय का मयताला?"

काकू: "मयताला तरी कुठं गप बसतोस तू?"

सगळे हसले. मीही. पण मला वाटलं होतं, कोणीतरी 'छान लिहिलंय' म्हणेल.

१३ मार्च, शुक्र.

वर्गाला अकरा बायका. आत्या 'ग म भ न' ओलांडून पुढे गेली. आज पाटीवर 'हिरा' लिहिलं. 'रा'चा काना वाकडा, होडीच्या नांगरासारखा. पाटी पुसू देईना. घरी घेऊन गेली, तशीच.

ह्यासाठी बी.ए. केलं, असं वाटलं आज.

२२ मार्च, रवि.

विठ्ठलवाडीला स्वेटर घ्यायला. आमच्या बारा माणसांत एकाकडेही स्वेटर नाही. कधी लागलाच नाही. दुकानदार घामाने निथळत पंख्याखाली बसलेला. "मैडम, सर्दी में सब पूछते हैं, मार्च में आप पहली." काकाने माकडटोपी घातली, काकू म्हणाली, "राहू दे, चोर म्हणून पोलीसच उतरवतील."

आत्याने लालभडक घेतला. तिथेच लुगड्यावर चढवला आणि तसाच घालून निघाली. काष्टा गुडघ्याशी, वर लाल स्वेटर, कपाळावरून घाम. विठ्ठलवाडी स्टेशनवर लोक बघत होते. ती त्यांच्याकडे बघून हसत होती.

मी दोन पावलं पुढे चालत होते. का? लिहून ठेवते. मी पुढे चालत होते.

५ एप्रिल, रवि.

सराव म्हणून सगळ्यांना मुंब्रा देवीच्या डोंगरावर नेलं. सकाळी सातला सुरुवात. काका चाळिसाव्या पायरीला बसला. "इथून लग्न दिसत नाय का?" आई चार वेळा थांबली. मी स्वतः दोनदा.

आत्या थांबली नाही. तोंडाने गुणगुणत वर गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिने देवीला नारळ फोडून खोबरं वाटायला घेतलेलं. "आलात का गो म्हाताऱ्यांनो," म्हणाली. बासष्ट वर्षांची बाई.

११ एप्रिल, शनि.

नाक्यावरच्या डॉक्टरांकडे सगळ्यांची तपासणी झाली. दाखले सोमवारी देणार. आत्याची छाती तपासताना डॉक्टर बराच वेळ ऐकत होते. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय ऐकत व्हता गो एवढा? आत धवलं आयकू आलं का त्याला?"

१२ एप्रिल, रवि.

दादाचा फोन. ठरल्याप्रमाणे दहा वाजता बूथवर थांबले होते. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. आधी यादी विचारली. मी वाचली.

"आत्याला नको आणू."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. परत म्हणाला.

"ती मांडवात बसून सुरू करेल तिचं. तास तास. आणि ते लुगडं गुडघ्यापर्यंत. इथे घराणं मोठं आहे, सुमे. पंडित येतो, तासाभरात उरकतं."

मी म्हटलं, तुला तिने वाढवलं. म्हणाला, "म्हणून तर तोंडावर नाही म्हणत. तुझ्याच पत्रकात आहे ना सातवं? उंचीचं? सांग, डॉक्टर नको म्हणाले. तिला वाईट वाटणार नाही आणि माझंही निभेल."

मी नाही म्हटलं. चक्क नाही म्हटलं. तर म्हणाला, "मग कोणीच नका येऊ. मी इथेच करतो दोन साक्षीदार घेऊन. आईला तू समजाव."

फोन कट झाला की त्याने ठेवला, माहीत नाही.

आई घरी बारा डब्यांत चकल्या भरत होती. एकुलता एक मुलगा. 

१३ एप्रिल, सोम.

दाखले आणले. डॉक्टरांनी एकेक वाचून दाखवला. बारक्याकाकाचा रक्तदाब जास्त आहे, गोळी चुकवायची नाही, चढावर जपायचं. आई ठीक. मग हसले. "आणि या हिराबाई कोण तुमच्या? यांची छाती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. हिमालय काय, यांना कुठेही पाठवा." इंग्रजीत तेच लिहिलंय. प्रवासास पूर्णपणे योग्य. खाली सही, शिक्का.

तो कागद पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवला. वेगळ्या कप्प्यात कशाला ठेवला, तेव्हाच कळायला हवं होतं मला.

१४ एप्रिल, मंगळ.

सांगितलं.

आत्याच्या घरी जाऊन, तिच्या चुलीपुढे बसून. कागद उघडून धरला आणि 'वाचला'. उंचीवर यांना धोका आहे, प्रवास करू नये. आवाज कापला नाही. वर्गात धडा वाचते तसा वाचला.

"डाक्टर बोलला?"

"हो."

"लिवलंय?"

"लिवलंय."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग हात पुढे केला. कागद घेतला.

"ह्यात माजं नाव कंचं?"

मी बोट ठेवून दाखवलं. दिवसभरात तेवढं एक खरं सांगितलं.

रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या. म्हणाली, "माज्या नावाचा पयला कागद हाय हा," आणि घडी घालून सुपारीच्या डब्यात ठेवला. परत मागायला तोंड नव्हतं मला.

१७ एप्रिल, शुक्र.

आत्या वर्गाला आली नाही. पहिल्यांदाच.

मी स्वतःला सांगते की आईसाठी केलं. ते खरं आहे. पण बर्फ बघायचा होता, हेही खरं. आणि विठ्ठलवाडीची दोन पावलं. दादाला ज्याची लाज वाटते ते मलाही थोडं...

१९ एप्रिल, रवि.

आत्या स्वतःच आली. रडायला नाही. कामाला.

"मी नाय तं तुझ्या बापसाला हाक कोन मारंल? तू मार. पयला धवला तुला शिकवते. एकच. बाकी त्यांचा पंडित बघंल."

मी म्हटलं, माझा आवाज चांगला नाही. म्हणाली, "बापूस आवाज बघून येतो का गो? नाव आयकून येतो."

वही काढली तर हातावर मारलं. "लिवून घेऊ नको. लिवलेलं दुसऱ्याच्या हाती पडतं. तोंडात ठेव."

तिने सहज म्हटलं. सहजच म्हटलं असणार.

२८ एप्रिल, मंगळ.

रोज संध्याकाळी भांडी झाली की शिकवणी. आधी खाडीला हाक, मग चार दिशा, गावदेव, मग घरातली माणसं एकेक, पणजोबापासून. बाबांचं नाव सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात नवे. तिथे सूर वर न्यायचा. माझा तिथे फुटतो. ती म्हणते, फुटू दे, लेकीचा फुटायलाच पायजे.

आता उलट झालंय. ती बाई आणि मी पाटीवर. एकदा चुकले तर म्हणाली, "ग्रॅज्युएट ना तू?"

दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा आई आली.

नाही, आई एकदाच आली. दुसऱ्यांदा कोणीच आलं नव्हतं.

९ मे, शनि.

निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत आत्या आली, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. लाल स्वेटर माझ्या हातात दिला. "तू घाल. घेतलेला फुकट जायला नको." आणि कानात: "शेवटलं नाव इसरू नको."

कल्याणला गाडीत बसलो. काकाच्या वळकटीतून वास येतोय. सुक्या वाकट्या आणल्यात त्याने, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. कोणाला तरी आपलं काही आणू दे.

१४ मे, गुरु.

पोचलो. शेवटचे दीड तास पायी. काकाचे ओठ पांढरे पडले, दोन गाववाल्यांनी दोन्ही बाजूंनी धरून आणलं. मी मागून त्याच्या गोळ्यांची डबी घेऊन. सगळा वेळ मनात एकच, ती असती तर केव्हाच वर पोचून आम्हाला म्हातारे म्हणत बसली असती.

घर दगड-लाकडाचं, आत धूर, गोठ्याचा वास, अंगणात अक्रोडाच्या टरफलांचा ढीग. दादाने सांगितलेलं मोठं घराणं मी शोधत राहिले. निर्मलाची आई पाठीवर चाऱ्याचा भारा घेऊन आली आणि तशीच आईला भेटली. हात आमच्या आईसारखेच, भेगाळलेले. 

आमचे लोक सूचनेप्रमाणे हळू बोलतायत. काकू तर कुजबुजते. इकडचे मोठमोठ्याने हाका मारतायत, या डोंगरावरून त्या डोंगरावर.

१६ मे, शनि.

लिहायला नको वाटतं, पण लिहिते.

सकाळपासून अंगणात म्हाताऱ्या गात होत्या. सात-आठजणी, जाड लोकरीच्या पट्टूत, जमिनीवर मांडी घालून. पुढे निर्मलाची आजी. ऐंशीची असेल. दात नाहीत, आवाज मात्र समोरच्या डोंगरावर आपटून परत येत होता. कोणी त्यांना गप करत नव्हतं. पंडितही थांबून होता, त्यांचं संपेपर्यंत. आई सारखी माझ्याकडे बघत होती. काकूने नजर वळवली.

मग आजी थांबली. पाणी प्यायली आणि आमच्या बाजूला हात करून म्हणाली, "अब लड़के वाले गाएँ. तुम्हारी गाने वाली कहाँ है?"

सगळं अंगण आमच्याकडे वळलं. त्यांनी आमच्यासाठी चटई अंथरून ठेवली होती. समोरासमोर. मला वाटलं होतं ती सामान ठेवायला आहे.

माझ्या अंगात लाल स्वेटर. तोंडात पूर्ण धवला, खाडीपासून बाबांपर्यंत. मी उठलेही, अर्धी. तेवढ्यात दादा हसून म्हणाला, "दादीजी, हमारे यहाँ ये सब नहीं होता. शहर के लोग हैं हम."

मी खाली बसले.

कोणी मला धरून बसवलं नाही. दादाने डोळेही वटारले नव्हते. मी आपणहून बसले.

आजी म्हणाली, "अच्छा?" आणि वाईट वाटल्यासारखं आमच्याकडे पाहिलं. ज्यांच्या घरात मयत झालंय त्यांच्याकडे बघतात तसं. मग बायकांना खूण करून आमच्या वाटचंही त्याच गायल्या. आम्ही चटईवर बसून ऐकलं. बाबांचं नाव त्यांना कुठून माहीत असणार.

१७ मे, रवि.

दादा सकाळी नळाशी भेटला. म्हणाला, "मला काय माहीत? मी आधी कधी इथलं लग्न बघितलं नव्हतं. मला वाटलं हसतील."

मी म्हटलं, कोण हसलं असतं? तो बराच वेळ तोंड धूत राहिला. 'शहर के लोग' म्हणताना त्याचं हसू कसं होतं ते आठवून राग येतो. पण दाखला मी वाचला होता, त्याने नाही.

निघताना आजीने अक्रोडांची पिशवी दिली. "जो तुम्हारे घर में गाती हो, उसको देना. कोई तो गाती होगी."

२४ मे, रवि.

घरी. आत्या ओट्यावर बसूनच होती. दादाला अजून रजा नाही, तो आणि निर्मला दिवाळीला येतील. तिने फोटो मागितले नाहीत, सून कशी तेही नाही.

"दिलंस आवतन?"

मी चप्पल काढत होते. बक्कल निघेना. वर आईचा आवाज आला, "दिलं गो. झ्याक गायली. ह्यांच्या नावाला रडू आलं सगल्यांना."

आईने आयुष्यात कधी खोटं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मासळी शिळी असली तर गिऱ्हाइकाला शिळी म्हणणारी बाई. इतक्या सहज बोलली. म्हणजे दाखल्याचंही तिला...? कधीपासून? विचारलं नाही. तिने डबे घासायला घेतले.

आत्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी अक्रोड दिले. एक फोडून बघितला. "कवटीतल्या मेंदूसारखा दिसतोय," म्हणाली आणि सगळ्यांना एकेक वाटला. स्वतः खाल्ला नाही.

२ जून, मंगळ.

वर्ग पुन्हा सुरू. आत्या आली. सगळ्यात पुढे बसते आता. जोडाक्षरंही घ्यायला लागली. घाई आहे तिला. मी म्हटलं, एवढं भरभर कशाला, आत्या? म्हणाली, "येल कमी हाय गो."

दुकानांच्या पाट्या वाचते. बसची पाटी वाचते. काल म्हणे माजिवड्याच्या बसवर 'माजिवडा' वाचून कंडक्टरला सांगितलं, बरोबर लिवलंय.

९ जून, मंगळ.

वर्ग सुटला. बायका गेल्या. मी फळा पुसत होते. आत्या बसून राहिली होती, मला वाटलं पाय आखडले असतील. वळले तर तिने कमरेच्या पिशवीतून डबा काढलेला. सुपारीचा. त्यातून घडी केलेला कागद काढून पाटीवर सरळ केला, चारी कोपरे दाबून.

बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. हळूहळू उजवीकडे नेलं. मग दुसऱ्या ओळीवर. सगळ्या ओळी तशा केल्या, खालच्या शिक्क्यापर्यंत.

"सगली अक्षरं येतात मना आता," म्हणाली. "क्ष पन येतो. पन ह्यातलं एक पन वलखीचं नाय. ही आपली नाय ना?"

"नाही. इंग्रजी आहे."

"हां." तिने मान हलवली. रागावली नव्हती. निदान तसं दिसत तरी नव्हतं. कागदाची घडी घातली, डबा बंद केला, हाताचा आधार घेऊन उठली. दारापाशी जाऊन वळली.

"मंग ही कवापासून शिकवशील?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. शुक्रवारी वर्ग आहे.